दगडाची भरती मोजणारी फुगेवाली

फुगेवाली हे काही तिचं नाव नव्हतं. कार्यालयातल्या एका शिपायानं ते ठेवलं आणि असं चिकटलं की पुढे तिच्या टपालावरही कुणीतरी पेन्सिलीनं तेच खरडून ठेवू लागलं. झालं होतं एवढंच, की नोकरीच्या सुरुवातीला तिला कुणीतरी विचारलं, "बाई, दिवसभर त्या कॉम्प्युटरपुढे बसून तुम्ही करता तरी काय?" तिनं खरं ते सांगितलं. म्हणाली, "समुद्राला भरती येते ना, तशी जमिनीलाही येते. चंद्र-सूर्य ओढतात आणि आपण उभे आहोत ती जमीन दिवसातून दोनदा वीत-दीड वीत फुगते, पुन्हा बसते. ती किती फुगेल ते मी आधीच काढून ठेवते." ऐकणारे हसून हसून बेजार झाले. दुसऱ्या दिवसापासून ती फुगेवाली.

दुसरी कुणी असती तर हिरमुसली असती, नाहीतर तक्रार घेऊन वर गेली असती. हिनं बाजारातून एक लाल फुगा आणला आणि आपल्या टेबलाच्या कोपऱ्याला बांधला. फुटला की नवा. ज्यांनी तिला चिडवायला सुरुवात केली ते निवृत्त होऊन गेले, फुगा तिथंच राहिला. बाई अशी होती. तिला डिवचलं की ती डिवचणाऱ्याच्या हातातली काठी काढून घेऊन स्वतःच्या चालण्यासाठी वापरायची.

हा हट्ट तिच्यात आला कुठून ते शोधायला लांब जायला नको. तिचे वडील गवंडी. हात असे की विटेवर बोट फिरवून सांगायचे, कुठं चुकलंय. बाबांनी एकदा एका ठेकेदाराला तोंडावर सांगितलं होतं, "या पायावर मी भिंत चढवणार नाही." ठेकेदारानं कामावरून काढलं. बाबा घरी बसले. आईनं महिनाभर भांडी आपटली, नातेवाइकांनी अक्कल शिकवली, पण बाबा काही त्या पायावर परत गेले नाहीत. भिंत दुसऱ्यानं चढवली. ती पडली की उभी राहिली हे बाबांनी कधी चौकशी करूनही पाहिलं नाही. विचारलं तर म्हणत, "माझ्या हातची नाही ना? मग मला काय तिचं?"

अशा माणसाच्या मुलीनं मोठं होऊन सांगावं की जमीन रोज फुगते, हे बाबांना जिव्हारी लागलं होतं. जन्मभर ओळंबा सोडून भिंतीचा सरळपणा पाहिलेला माणूस तो. "माझ्या भिंती हलत नाहीत," ते ठणकावून सांगत. ती म्हणे, "हलतात, बाबा. पण भिंत, घर, रस्ता, समोरचं झाड, सगळंच एकदम वर जातं आणि एकदम खाली येतं, म्हणून कळत नाही." बाबा म्हणत, "जे कळत नाही ते मोजायचा पगार मिळतो तुला. चांगलं आहे." जेवणाच्या टेबलावर हा विषय निघाला की दोघांपैकी कुणीही माघार घेत नसे. ताटं धुवून झाली तरी वाद ओलाच असायचा.

आता तिचं काम काय होतं ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच घडलं.

पृथ्वी म्हणजे कांद्यासारखे थर. वर कडक साल, खाली तापलेला खडक, त्याखाली वितळलेलं लोखंड, मधोमध पुन्हा घट्ट गोळा. प्रत्येक थराचं वजन वेगळं, ताठपणा वेगळा. फुगेवालीचा प्रोग्रॅम पृथ्वीच्या अगदी पोटातून निघायचा आणि थर चढत चढत सालीपर्यंत यायचा. वर आला की सांगायचा, चंद्रानं एवढं ओढलं तर जमीन एवढी फुगेल. पृथ्वीच्या मऊपणाचा हा जो आकडा, तो प्रोग्रॅममध्ये कुठंही आयता लिहिलेला नव्हता. तो दर वेळी तळापासून वर काढावा लागे. देशभरातले जमीन मोजणारे, उपग्रहांवर नजर ठेवणारे, सगळे आपापल्या मोजणीतून ही भरती वजा करायला तिचाच प्रोग्रॅम वापरत.

आणि त्या प्रोग्रॅमला तिनं घालून दिलेला एक नियम होता. कारणाशिवाय एक ओळ आत जाणार नाही. ओळीच्या शेजारी कारण लिहायचं आणि त्याखाली घालणाऱ्यानं आपलं नाव लिहायचं. बाबा म्हणायचे, घरमालकानं विचारलं की हा दगड इथं का, तर गवंड्याला सांगता आलं पाहिजे. ते तिनं जसंच्या तसं उचललं होतं. प्रोग्रॅम बाहेर जाई तेव्हा ही कारणंही त्याच्याबरोबर जात, आणि वापरणारे ती वाचत. हाताखालचे लोक या नियमाला वैतागत. एका ओळीसाठी बाई तासभर पाठ सोडत नाही, अशी ख्याती होती. पण नियम चालला.

तर झालं असं, की शहराबाहेरच्या एका डोंगरात जुन्या खाणीचा बोगदा होता. त्यात कार्यालयानं एक लांबलचक काचेची नळी बसवली होती. नळीचं एक टोक खडकात पक्कं, दुसरं मोकळं. जमीन ताणली की मोकळ्या टोकाची जागा सरकते. सरकते म्हणजे किती, तर केसाच्या जाडीचे पन्नास तुकडे करावेत आणि त्यातला एक घ्यावा, इतकी. ही नळी बसवली होती थोरल्या साहेबांनी, ते तरुण होते तेव्हा. त्यांची पदवी त्या नळीवर, त्यांचा मान त्या नळीवर. साहेब माणूस वाईट नव्हता. पण त्या नळीबद्दल कुणी वाकडा शब्द काढला की त्यांचे कान लाल व्हायचे.

नळी सांगत होती की जमीन फुगेवालीच्या हिशेबापेक्षा पाचव्या हिश्श्यानं जास्त ताणली जाते. पूर्वी हा फरक यंत्र जुनं म्हणून सोडून देत. मग नवं मोजयंत्र लावलं, तरी फरक तेवढाच. साहेबांना आनंदाचं भरतं आलं. आपल्या पायाखालची जमीन जगावेगळी मऊ आहे, हा शोध आपल्या नळीनं लावला, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. बाहेरून तज्ज्ञ पाहुणे बोलावले. आणि फुगेवालीला खोलीत बोलावलं.

"मॉडेल नळीशी जुळवून घ्या," साहेब म्हणाले.

"म्हणजे नेमकं काय करू?"

"मऊपणा पाचव्या हिश्श्यानं वाढवा. एका ओळीचं काम आहे."

"साहेब, नळी एका डोंगरात आहे. माझा आकडा अख्ख्या पृथ्वीचा आहे. एका डोंगरासाठी सगळी पृथ्वी मऊ करू?"

"बाई, मोजलेलं आणि मांडलेलं जुळत नसेल तर मांडलेलं चुकीचं असतं. हे तुम्हाला मी सांगायला हवं?"

हे तिला लागलं, कारण ते खरं होतं. मोजलेल्यापुढे मॉडेलनं मान तुकवायची, यावर तिचाही विश्वास होता. पण मान तुकवायच्या आधी समोर कोण उभं आहे ते तरी बघायला नको का? तिनं विचारलं, "नळी नेमकं काय मोजतेय ते मला बघायचंय. बोगद्यात जाऊ?"

"तुमचं तिथं काय काम?" साहेब म्हणाले. "पाहुण्यांपुढे जुळलेला आलेख मांडा. जमत नसेल तर काम तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्याकडे द्या. तळघरात नकाशांची व्यवस्था बघायला माणूस हवाच आहे."

म्हणजे आकडा किंवा खुर्ची. ती उठून बाहेर आली, कारण तिथं थांबून ती जे बोलली असती ते छापण्याजोगं नव्हतं.

कार्यालयातली रीतच तशी होती. मॉडेलवाल्यांनी बोगद्यात जायचं नाही, बोगद्यातल्यांनी मॉडेलमध्ये नाक खुपसायचं नाही. दोघांमध्ये आकड्यांची फाईल तेवढी ये-जा करायची. इतकी वर्षं त्या नळीचे आकडे चाळून फुगेवालीनं एकदाही नळी पाहिली नव्हती. बोगद्याचा नकाशा मात्र तिला तोंडपाठ होता: एक सरळ, अरुंद, सारख्या रुंदीचा बोगदा, आणि त्याच्या लांबीला धरून नळी. अशा बोगद्यात लांबीला ठेवलेली नळी डोंगराचाच ताण दाखवते. म्हणून तर तिला फरकाचा उलगडा होत नव्हता.

सुट्टीच्या दिवशी ती बसनं डोंगराकडे गेली. राखणदारानं तिचं ओळखपत्र उलटसुलट पाहिलं. "फुगेवाली बाई तुम्हीच का?" म्हणाला. तिनं हो म्हटल्यावर हसू दाबत कुलूप काढलं. आत गारठा. एकामागे एक तीन दारं, प्रत्येकाला जाड कापडाची झालर, बाहेरची ऊब आत जाऊ नये म्हणून. छतातून कुठंतरी पाणी ठिबकत होतं. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढीच जागा. डाव्या बाजूला खांबांवर ठेवलेली ती नळी. फुगेवाली तिच्या कडेकडेनं, राखणदाराच्या दिव्यामागून चालत राहिली.

आणि एकाएकी भिंती संपल्या.

दिवा फिरवला तर दोन्हीकडे काळोख. ती एका मोठ्या दालनात उभी होती. कडेनं दगडी बाक, दिवे अडकवायला खुंट्या, समोर एक संगमरवरी पाटी. नळी मधूनच, त्या दालनाला आडवी ओलांडून, पलीकडच्या बोगद्यात शिरत होती. नळीची जवळजवळ चौथाई लांबी या पोकळीवरून जात होती.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"पाहुण्यांची खोली," राखणदार म्हणाला. "उद्घाटनाला मोठमोठी माणसं येणार होती. बोगद्यात दाटीवाटीनं उभी कशी राहणार? मग साहेबांनी दोन्ही अंगांनी खडक फोडून घेतला. स्वतः उभे होते इथं, डोक्यावर कापड बांधून."

फुगेवाली मटकन बाकावर बसली आणि हसायला लागली. इतकी हसली की राखणदार दिवा घेऊन दोन पावलं मागं सरकला. खडक कसा ताणला जातो ते लोकांना दाखवायचं, म्हणून खडकच पोखरला! कापडाला चीर पाडून दोन्हीकडून ओढलं की चीर आ वासते, बाकीचं कापड तेवढं ताणलंही जात नाही. भिंतीला खिडकी पाडली की तडे खिडकीच्या कोपऱ्यातून निघतात, हे तर बाबा जेवताना सांगायचे. नळी खोटं बोलत नव्हती. ती डोंगराऐवजी खोलीचं बोलत होती. ज्यांनी खोली पाहिली त्यांनी नकाशा पाहिला नव्हता आणि जे नकाशा बघत बसले, म्हणजे ती स्वतः, त्यांनी खोली पाहिली नव्हती. हसू ओसरल्यावर तिला स्वतःचाच राग आला. बसनं तासाभराचा रस्ता, आणि आपण इतकी वर्षं आलो नाही!

तिनं दोरीनं खोलीची मापं घेतली आणि परत आली. मग कॉम्प्युटरमध्ये डोंगर उभा केला. त्याचे हजारो लहान ठोकळे पाडले, प्रत्येक ठोकळा शेजाऱ्याशी बांधला, त्यातून बोगदा पोखरला आणि शेवटी पाहुण्यांची खोली खोदली. पृथ्वीच्या थरांना बोटही लावलं नाही. मग चंद्राला ओढायला सांगितलं. तो पाचवा हिस्सा जवळजवळ सगळा खोलीतूनच बाहेर आला. थोडा उरला. उरलेलाही तिनं लिहून ठेवला आणि शेजारी लिहिलं, "हा कशाचा ते अजून माहीत नाही."

पाहुणे आले. बैठकीत तिनं जुळलेला आलेख मांडला खरा, पण साहेबांना हवा होता तो नव्हे. खोलीचं चित्र पडद्यावर आलं आणि साहेबांचे कान लाल झाले.

"तुम्ही परवानगीशिवाय बोगद्यात गेलात?"

"गेले. आधीच जायला हवं होतं, ती चूक माझी. पण आता पाहिलंय, तर न पाहिल्यासारखं करणार नाही."

"म्हणजे माझ्या आयुष्यभराच्या नोंदी कचऱ्यात टाकू?" साहेबांचा आवाज चिरकला. क्षणभर तिला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून ती आणखी ताठ झाली.

"नोंदी अगदी खऱ्या आहेत, साहेब. पण त्या पृथ्वीच्या नाहीत, त्या खोलीच्या आहेत. पलीकडे, खोलीपासून लांब, दुसरी नळी बसवा. मी चुकीची निघाले तर माझ्या हातानं आकडा बदलीन. तोवर नाही. मला काढा, बदला, काय हवं ते करा. मी पृथ्वी मऊ करणार नाही."

तुम्हाला वाटेल, पाहुणे उठून उभे राहिले असतील, टाळ्या पडल्या असतील. कसलं काय! पाहुण्यांनी माना हलवल्या, "विचार करण्याजोगं आहे" म्हणाले, चहा घेतला आणि गाडीत बसून गेले. दुसऱ्या नळीचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. दुसऱ्या दिवशी फुगेवालीच्या हातात बदलीचा कागद पडला. तिनं फुगा सोडला, दोरा मनगटाला गुंडाळला आणि सगळ्या कार्यालयासमोरून जिना उतरून तळघरात गेली.

तिच्या खुर्चीत चष्मेवाला बसला. हा तिचा शेजारच्या टेबलावरचा सहकारी. हुशार, पण भित्रा. साहेबांची चाहूल लागली की याचा चहा गार व्हायचा. त्याला हुकूम मिळाला: प्रोग्रॅमच्या शेवटी एक ओळ घाला, येईल त्याला पाचव्या हिश्श्यानं वाढवा. चष्मेवाला दुपारी तळघरात आला आणि नकाशांच्या कपाटाआड घुटमळत राहिला.

"ये, ये. चोरासारखा उभा राहू नकोस," ती म्हणाली.

"ओळ घालायला सांगितलीय मला. रागावू नका. माझा नाइलाज आहे."

"मग घाल की. मी कुठं तुझा हात धरलाय?"

"कारण काय लिहू?" तो रडकुंडीला आला होता. "कारणाशिवाय ओळ जात नाही ना."

"तुला का घालावी लागतेय?"

"साहेबांनी सांगितलं म्हणून."

"मग तेच लिही. खरं असेल ते लिहायचं, एवढाच तर नियम आहे. आणि खाली नाव घाल."

चष्मेवाला वर गेला. त्यानं ओळ घातली, शेजारी लिहिलं, "साहेबांनी सांगितलं म्हणून," खाली आपलं नाव टाकलं आणि बाहेर पाठवण्याआधी कागद साहेबांपुढे ठेवला.

पुढे साहेबांच्या खोलीत जे झालं ते चष्मेवाल्यानंच नंतर सांगितलं, आणि सांगताना त्याला स्वतःलाच ते खरं वाटत नव्हतं. साहेब ओरडले, "हा काय चावटपणा?" तो म्हणाला, "कारण आहे, साहेब." "दुसरं काही लिहा!" "तुम्ही सांगा, तेच लिहितो." साहेबांनी पेन उचललं. म्हणाले, "लिहा, नळीच्या मोजणीवरून." आणि आयुष्यात कधी वर मान न केलेला चष्मेवाला म्हणून गेला, "मग खोलीचंही लिहावं लागेल, साहेब. वाचणारे विचारतील."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "काढा ती ओळ."

ओळ निघाली. आकडा जसा होता तसा बाहेर गेला. फुगेवालीला मात्र कुणी वर बोलावलं नाही. बोलावतील असं तिला वाटलंही नव्हतं. तळघरात तिनं पहिलं काम केलं ते त्या बोगद्याचा नकाशा काढून त्यात पाहुण्यांची खोली आखण्याचं. शेजारी कारण लिहिलं, खाली नाव घातलं.

संध्याकाळी घरी आली तेव्हा बाबा दारात खुर्ची टाकून बसले होते.

"खुर्ची परत दिली का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"देतील?"

"नाही वाटत."

"आणि तो तुझा आकडा?"

"तिथंच आहे."

बाबांनी मान डोलावली. आत खुंटीला टांगलेल्या ओळंब्याकडे नजर टाकली, मग स्वतःच्या हातानं बांधलेल्या दारालगतच्या भिंतीवर हात टेकला. आजवर कधी विचारलं नव्हतं ते विचारलं, "आत्ता जमीन वर चाललीय का खाली?"

तिनं मावळतीकडे पाहिलं, चंद्र कुठं आहे ते पाहिलं आणि मनातल्या मनात हिशेब केला. "वर, बाबा."

"जाऊ दे वर," बाबा म्हणाले. "भिंतही जाईल बरोबर. ओळंब्यात आहे ती."